तिसरी हाक

१

कोन्नगरच्या त्या घरात दुपारच्या जेवणानंतर दोनच माणसं जागी असायची. एक नीहारकणा भादुडी, जिच्या कादंबऱ्या अर्ध्या बंगालच्या बायका उशाखाली ठेवून झोपत. आणि दुसरे तिचे यजमान अनादीबाबू, ज्यांना कादंबरी या प्रकारात काडीचाही रस नव्हता. कामाला असलेली कानन मागच्या ओसरीत चटई टाकून घोरत असे. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांच्या झडपा मिटलेल्या असत. भात खाऊन आडवं व्हायची ती वेळ. त्या वेळी आमच्याकडे चोरसुद्धा घरीच असतात.

काचबिंदूनं नीहारकणाचे डोळे गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपलं आता लिहिणं. अनादीबाबूंना तर मनातून थोडं बरंच वाटलं, कारण जन्मात पहिल्यांदा बायको गप्पा मारायला मोकळी होणार होती. पण थोड्याच दिवसांत तिनं विचारलं, "अहो, ऐकलंत का? तुमचं अक्षर लोकांना वाचता येतं ना अजून?" झालं. सारी हयात ट्रामच्या कारखान्यात काढलेला हा माणूस मांडीवर फळी आणि फळीवर कागद घेऊन खिडकीपाशी स्टुलावर बसायला लागला.

नीहारकणा पूर्वी लिहायची तशीच पडायची, पलंगावर पालथी, छातीखाली उशी घेऊन. सांगायची तिची पद्धत मात्र निराळी. 'मग मोठी सून म्हणाली' असलं काही ती सांगतच नसे. ती मोठी सूनच होई. मग खोकणारा सासरा होई, मग टोमणे मारणारी विधवा आत्या. अनादीबाबू मान खाली घालून भराभर उतरवून घेत. मान वर केली तर ओळ निसटायची हे एक कारण. दुसरं असं, की आवाज काढताना तिच्या चेहऱ्यावर जे काही चालायचं ते बघायला त्यांना संकोच वाटायचा, नवरा असूनही.

या घरात एक नियम होता. सगळं सामसूम असताना कोणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. नीहारकणाच्या बारिशालच्या आजीनं तो तिच्या हाडीमाशी रुजवला होता. माणूस तीनदा हाक मारतं. जे माणूस नाही त्याला दोनदाच मारता येते, आणि त्याला ओ दिली की ते आपल्याला घेऊन जातं. अनादीबाबू हसायचे. पण इतक्या वर्षांच्या संसारात तेही बाटले होते. न्हाणीघरात अंगाला साबण लावून ते मुकाट उभे राहत, आणि बाहेरून तिसऱ्यांदा "ऐकलंत का?" आलं की मगच "ओ" म्हणत. पोस्टमन तर या घराला बहिऱ्यांचं घर म्हणायचा.

२

त्या वर्षी मासिकाच्या दुर्गापूजेच्या विशेषांकासाठी कादंबरी द्यायची होती. पहिल्याच दिवशी नीहारकणानं आई सांगितली, घर सांगितलं, घरामागचं तळं सांगितलं आणि म्हणाली, "मुलगी सात वर्षांची. तिचं नाव टुनू."

अनादीबाबूंचं पेन थांबलं.

त्यांच्या टुनूचं नाव त्या घरात किती तरी वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. टायफॉइडनं गेली होती ती, अशाच भाद्रपदातल्या एका दुपारी, आतल्या खोलीत. त्यानंतर नीहारकणानं ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यातल्या एकीतही मूल मरत नाही. पोरं झाडावरून पडतात, तापानं फणफणतात, जत्रेत हरवतात, पण शेवटच्या प्रकरणापर्यंत सगळी घरी जेवायला हजर. टीकाकार थट्टा करायचे, की भादुडीबाईंच्या गावात पटकीसुद्धा पाय पुसून आत येते. कारण फक्त अनादीबाबूंना ठाऊक होतं. ते कधी बोलले नाहीत, आणि आताही फक्त "पुढे?" एवढंच म्हणाले.

शनिवारी संपादक मृगांक आला. ताडफळाच्या वड्यांची बशी पुढ्यात ओढून त्यानं लिहून झालेली प्रकरणं तिथंच वाचायला घेतली.

"नीहारदी, ह्या पोरीचं बोलणं कुठून आणलंत हो? हे बघा ना. 'आई, मुंग्या जेवायला कधी बसतात गं? जेव्हा बघावं तेव्हा आपल्या चालतातच आहेत.' वा! आमच्या कचेरीतल्या कारकुनांचं सगळं आयुष्य आलं यात."

"वडे खा, गार होतायत," नीहारकणा म्हणाली. पण तिनं तोंड मृगांककडे नाही, नवऱ्याकडे वळवलं होतं.

"खातोच आहे. पण शेवट कधी? छापखानेवाला माझ्या उरावर बसलाय. अनादीदा, तुम्ही तरी बोला."

"मी काय बोलणार? मी नुसता हमाल," अनादीबाबू म्हणाले.

"पुढच्या शनिवारी येतो. शेवट नाही मिळाला तर इथंच राहायला येतो. वडे बरे आहेत."

तो गेल्यावर नीहारकणानं बोटांनी चादरीची कड चाचपली. मग म्हणाली, "एक विचारू? ती मुंग्यांची ओळ तुम्ही घातलीत ना?"

"मी? तू सांगितलीस."

"नाही हो. लपवता कशाला? छान आहे. टुनूचं सगळंच बोलणं छान जमलंय तुम्हाला. मला तिचा आवाज काढवत नाही. ती बोलायची जागा आली की मी नुसती थांबायची. संध्याकाळी तुम्ही वाचून दाखवलंत की तिथं तिची ओळ असायचीच. म्हटलं, असू दे. तुमचीही लेकच होती ना ती."

"आणि तुला काही ऐकू नाही आलं?"

"मला तर सगळ्यांचेच आवाज ऐकू येतात लिहिताना. तिचाही येत होता. वाटलं, डोक्यातलाच."

अनादीबाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नीहार," ते म्हणाले, "मी जन्मात स्वतःची एक ओळ लिहिलेली नाही. माझा रजेचा अर्जसुद्धा तूच लिहून द्यायचीस."

३

आता अनादीबाबूंचा कान म्हणजे साधा कान नव्हे. ट्राम आगारात शिरताना कुठं कुरकुरतेय हे ते डोळे मिटून सांगत. आवाज येतो म्हणजे कुठं तरी काही तरी घासतंय, आणि ते शोधलं की सापडतं, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

सोमवारी त्यांनी ठरवून मान वर ठेवली. नीहारकणानं कादंबरीतली आई दोन वाक्यं बोलून घेतली आणि ती थांबली. तिच्या गालात पान होतं, ओठ घट्ट मिटलेले.

"आई, ताड पडला बघ."

बारीक आवाज, आजारातून उठलेल्या पोराचा असतो तसा थोडा घोगरा. अनादीबाबूंनी तो ऐकला, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपला हात तो लिहूनही मोकळा झालाय, रोजच्या सवयीनं. मग मागच्या बाजूला, तळ्याच्या काठी, पिकलेलं ताडफळ धप्पकन पडलं.

आधी बोलणं, मग फळ.

ते फळी ठेवून उठले आणि आतल्या खोलीचा पडदा सारून आत गेले. तिथं होतं ते सगळं रोजचंच होतं. ट्रंका, गुंडाळलेली गादी, लोणच्याच्या बरण्या, भिंतीवर गेल्या साली लटकवलेलं कॅलेंडर. त्यांनी झडपा हलवून बघितल्या. ट्रंका ठोकून बघितल्या. शेजारचा रेडिओ? बंद होता. शेजारचं पोर? शाळेत होतं. उंदीर? उंदराला ताड कशाला कळतोय!

मग ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि डोळे मिटून आठवायला लागले, आवाज आला कुठून. पूर्वेच्या भिंतीलगत. आणि उंचीवरून म्हणाल तर जमिनीपासून जेमतेम हातभर. म्हणजे उशीवर डोकं टेकलेलं असतं तिथून. टुनूची खाट याच भिंतीला होती. त्यांना एकाएकी त्या भिंतीकडे पाठ करवेना, आणि ते पडद्यापर्यंत उलट्या पावलांनी आले.

संध्याकाळी त्यांनी काननला सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी तुला काही ऐकू येतं का गं?"

"येतं की दादाबाबू. दिदी नाही का पोरीचा आवाज काढत?" कानन तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली. "तुम्ही आवराआवर करून हौदावर हातपाय धुवायला जाता ना, त्यानंतरसुद्धा चालूच असतं त्यांचं. 'आई' म्हणतात. परत 'आई' म्हणतात. मग गप्प. रोज तेवढंच. मी म्हटलं, ह्या पुस्तकातली आई भलतीच कामात दिसते, पोरीला ओ द्यायला वेळ नाही!"

ती हसली. अनादीबाबूही हसले, कारण नाही हसले तर तिनं काय झालं म्हणून विचारलं असतं.

४

पण खरी काळजी वेगळीच होती. नीहारकणा दिवसागणिक उतरत चालली होती. ताटात भात तसाच राहायचा. पलंगावरून उठताना तिला हात द्यावा तर वजनच लागायचं नाही. डॉक्टर म्हणाले वय झालं, आणि टॉनिक लिहून गेले. तेच डॉक्टर अनादीबाबूंनाही टॉनिक देत, पण त्यांचं वय काही असं उतरत नव्हतं.

बुधवारी तिनं कोणाचाच आवाज काढला नाही. स्वतःच्या साध्या आवाजात सांगायला लागली.

"लिहा. दुपार होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. आई स्वयंपाकघरात होती. शेगडीवर बार्ली उकळत होती आणि आई पाटावर वही टेकवून लिहीत होती. तिची पहिलीच कादंबरी. दोन दिवसांनी पोरीचा ताप उतरला होता, म्हणून तिला जरा वेळ मिळाला होता. आतून हाक आली, 'आई.' आईनं पेन उचललं. कान दिला. पुन्हा हाक आली, 'आई.' आई तशीच बसली. लहानपणापासूनची सवय. तिसरी आली की उठायचं."

ती थांबली. अनादीबाबूंचा हात कागदावर होता, पण अक्षर त्यांना दिसेनासं झालं होतं. त्या दिवशी ते कारखान्यात होते. घरी आले तेव्हा त्यांना एवढंच कळलं होतं, की पोर झोपेतच गेली.

"पुढे?" त्यांनी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"पुढे तिसरी हाक. एकच शब्द आहे हो. सगळा जन्म शब्दांवर काढला मी, आणि तो एक मला लिहिता येत नाही."

त्यांनी फळी खाली ठेवली आणि पलंगावर तिच्याजवळ जाऊन बसले. तिचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत, एवढी पुस्तकं, आणि ही बाई हे एकटीनं घेऊन बसली होती. त्यांना तिचा राग आला नाही. आपण कधी विचारलं नाही याचंच वाईट वाटलं.

"टायफॉइड होता, नीहार. तू धावली असतीस तरी..."

"माहितेय. डॉक्टर तेच म्हणाले होते. पण तिला पाणी हवं असेल. नाही तर नुसतं 'काय गं' ऐकायचं असेल. तेवढं तरी."

बाहेर आणखी एक ताड पडला. नीहारकणा म्हणाली, "ती रोज हाक मारते. दोनदा. तुम्ही हौदावर गेलात की. आता मला कळलंय, ती डोक्यातली नाही. उद्या मारेल तेव्हा मी ओ देणार आहे."

"नाही," अनादीबाबू जवळजवळ ओरडलेच. "तूच आम्हाला शिकवलंस. तिसरीची वाट बघ."

"एकदा बघितली की," ती म्हणाली.

५

अनादीबाबूंनी रात्रभर स्वतःला समजावलं, की असं काही नसतं. दोन काय आणि तीन काय, हाक ती हाक. पण सकाळी त्यांनी तिला पहिली गोष्ट विचारली, ती म्हणजे आज लिहायला सुट्टी घेऊ या का.

"मृगांक शनिवारी इथं राहायला येईल," ती म्हणाली. "परवडेल तुम्हाला? बशीभर वडे एका बैठकीत संपवतो तो."

जेवताना तिनं दोन घास खाल्ले. मग काननला हाक मारून वेणी घालून घेतली, धुतलेली साडी नेसली. हे अनादीबाबूंना अजिबात आवडलं नाही.

दुपारी ते स्टुलावर बसले आणि उठले नाहीत. हौदावर जायची वेळ झाली, टळली. नीहारकणा पालथी पडून होती, हनुवटी उशीवर, ते न बघणारे डोळे पडद्याकडे. एक शब्द सांगून झाला नव्हता. मग वीज गेली. डोक्यावरचा पंखा फिरत फिरत थांबला आणि त्याची किरकिरही थांबली. काननचं घोरणंसुद्धा ऐकू येईना.

"आई."

पूर्वेची भिंत, हातभर उंची. आज जरा जास्तच घोगरा आवाज, जणू घसा कोरडा पडलाय. नीहारकणाची बोटं उशीच्या अभ्र्यात रुतली. एवढं ती पाळत होती, जन्माची सवय.

"आई."

तिचे ओठ उघडले. अनादीबाबूंना ते अगदी स्पष्ट दिसले. पानानं रंगलेले, थरथरणारे, आणि त्यांच्या मागे येऊन थांबलेला तो 'ओ'. तिला थांबवायचं तर तोंडावर हात ठेवायला हवा होता. पण कुठल्या तोंडानं थांबवणार? ती ज्यासाठी एवढी वर्षं लिहीत होती, ते तिच्या ओठांवर आलं होतं.

"आई!" अनादीबाबू म्हणाले.

म्हातारा, फाटका आवाज. कफ भरलेला. जन्मात दुसऱ्याचा आवाज न काढलेल्या माणसानं लेकीच्या आवाजात हाक मारायला जावं आणि निम्म्यातच रडू फुटावं, असं झालं ते. पण हाक झाली. तिसरी झाली.

"ओ!" नीहारकणा ओरडली. "आले गं! आले माझे बाई, ही बघ आले!"

ती उठली. कोणाचा हात न धरता, भिंत न चाचपता, तरण्या बाईच्या पावलांनी चालत गेली, आणि पडदा तिच्यामागे पडला.

अनादीबाबू फळी घट्ट धरून स्टुलावरच बसले. ते ऐकत राहिले. आतून "काय गं?" असं आलं, दोनदा, तीनदा, अगदी हळू. मग माठातून पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. त्या खोलीत माठ नव्हता. होत्या त्या ट्रंका आणि लोणच्याच्या बरण्या. मग कोणी तरी घटाघटा पाणी प्यायलं, मधे दम खात, दोन्ही हातांनी पेला धरून लहान मूल पितं तसं.

पडदा हलला आणि नीहारकणा बाहेर आली. एक हात पुढे, वाट चाचपायला. दुसरा खाली, बाजूला, बोटं अर्धवट मिटलेली. ती पलंगाशी आली, जराशी थांबली, भिंतीकडच्या बाजूची चादर हातानं सारखी केली. मग स्वतः अलीकडच्या कडेला, कुशीवर पडली. मधली जागा तिनं मोकळी सोडली.

"लिहा," ती म्हणाली. "तिसरी हाक आली. आई उठून आत गेली. खाली समाप्त घाला."

त्यांनी तसं लिहिलं. आतल्या आवाजांचा काहीही उल्लेख न करता.

६

पाचाच्या सुमारास कानननं चहा आणला तर नीहारकणा गाढ झोपलेली. गालावर रंग, श्वास संथ. "आज दिदींना बरं वाटतंय," कानन म्हणाली आणि पेला झाकून ठेवून गेली. वीज आली. पंखा फिरायला लागला.

अनादीबाबू पानं जुळवत बसले. त्यांना हलकं वाटत होतं. बायको गेली नव्हती. कादंबरी पुरी झाली होती, मृगांकला शनिवारी नुसते वडे घालून वाटेला लावता येणार होतं. एकच गोष्ट मनात टोचत होती. ती तिसरी हाक आपण मारली होती. तिकडे ती धरतात की नाही, हे कोणाला विचारणार? बारिशालची आजी असती तर निदान तिला विचारलं असतं.

पानं फळीवर ठेवून ते पलंगाशी गेले, नीहारकणाच्या अंगावर पांघरूण घालायला. तेव्हा त्यांना दिसलं. पंख्याच्या वाऱ्यानं सबंध चादर हलत होती, फक्त भिंतीकडची तेवढी जागा हलत नव्हती. तिथं गादी दबलेली होती, लहानशी, गुडघे पोटाशी घेऊन कोणी झोपावं एवढी. आणि उशीचा कोपरा ओला होता. पाणी पिताना हनुवटीवरून ओघळतं तसा.

ते वाकलेले होते तसेच राहिले. आपण घाबरायला हवं, असं त्यांना वाटलं. घाबरले होतेही. पण हाताला ते कळलं नव्हतं. पांघरूण धरलेला हात नीहारकणाच्या खांद्यावरून पुढे सरकला होता, त्या मधल्या जागेपर्यंत ते पुरावं म्हणून.

"बाबा," झोपाळलेला आवाज म्हणाला.

कानाजवळून. हातभरसुद्धा लांब नाही.

नीहारकणाचे डोळे उघडले. त्यांना दिसत नव्हतं काही, पण ते नवऱ्यावर बरोबर लागले होते. तिनं हात वर करून त्यांचं मनगट घट्ट पकडलं. "थांबा," ती कुजबुजली. "अहो, थांबा. दुसरी येऊ दे. मग तिसरी मी मारते. तुम्ही मारलीत तशी. तोवर एक शब्द बोलू नका, माझी शपथ आहे."

अनादीबाबूंनी तिच्याकडे बघितलं. तिच्या घरचा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता, हसत हसत का होईना. आणि दोनदा हाक मारून वाट बघत बसणं म्हणजे काय असतं, तेही त्यांनी आता स्वतःच्या हातानं लिहून काढलं होतं.

त्यांनी दुसरीची वाट बघितली नाही.

"ओ, बाळा," ते म्हणाले. "काय गं?"